तिकीट एक, मुलूख आठ

३ डिसेंबर २०२३ रोजी बुऱ्हाणपूर विधानसभा मतदारसंघाचा निकाल लागला. भाजपच्या अर्चना चिटणीस यांना १,००,३९७ मते पडली. काँग्रेसचे सुरेंद्रसिंह ठाकूर, म्हणजे सगळ्या गावाचे ‘शेरा भैया’, यांना ६९,२२६. भाजपमधून बंड करून अपक्ष उभे राहिलेले हर्षवर्धनसिंह चौहान यांना ३५,४३५, आणि एमआयएमचे नफीस मंशा खान यांना ३३,८५३. चिटणीस ३१,१७१ मतांनी निवडून आल्या.

निकाल एका ओळीत सांगायचा तर एवढाच. पण या चार आकड्यांत दोन लढती दडलेल्या आहेत. एक भाजप आणि काँग्रेसची. दुसरी त्याहून जुनी आणि जास्त चुरशीची: एकाच पक्षातल्या दोन दावेदारांची. ही दुसरी लढत काँग्रेसमध्येही होती आणि भाजपमध्येही. तापीकाठच्या या जिल्ह्यात गेली वीस वर्षे निवडणुकीचा खरा फड तिकीट जाहीर होण्याआधी रंगतो. अमुक नेत्याला तिकीट दिले तर शाहपूरकडे काय होईल, शहरात काय होईल, खकनारच्या जंगलपट्ट्यात काय होईल, याचे आडाखे चहाच्या टपरीपासून भोपाळच्या पक्षकार्यालयापर्यंत बांधले जातात. ते कितपत खरे ठरतात, हे तपासायला खंडवा-बुऱ्हाणपूरइतका चांगला मुलूख शोधून सापडणार नाही. इथे पक्षांतले प्रतिस्पर्धी खरोखरच एकमेकांसमोर उभे राहिले आहेत, पक्ष बदलून उभे राहिले आहेत, आणि त्यांना किती मते पडली हे नोंदलेले आहे.

दोन नद्यांमधला मतदारसंघ

बुऱ्हाणपूर जिल्हा १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाडातून वेगळा निघाला. त्याच्या सीमेला महाराष्ट्राचे जळगाव, बुलढाणा आणि अमरावती हे जिल्हे लागतात. इच्छापूर ओलांडले की मुक्ताईनगर, पलीकडे रावेर. केळीच्या बागा सीमा पाळत नाहीत, सोयरिकीही पाळत नाहीत. शाहपूर, इच्छापूर, फोफनार या गावांत मराठी घरात बोलली जाते आणि भाषणातही चालते. शहरात उर्दू, हिंदी आणि मराठी एकाच गल्लीत ऐकू येतात. लोकसंख्येत जवळपास निम्मा वाटा मुस्लिमांचा, त्यांतले बरेच यंत्रमागावर पोट असलेले अन्सारी. उत्तरेला आणि पूर्वेला नेपानगर, धूळकोट, खकनार, देडतलाई. तिथे कोरकू, बारेला आणि भिलाला आदिवासींची वस्ती. एका जिल्ह्यात अशी तीन वेगळी जगे, आणि विधानसभेच्या जागा दोन: बुऱ्हाणपूर, आणि अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेली नेपानगर.

लोकसभेला हा जिल्हा खंडव्यात मोडतो. खंडवा मतदारसंघात आठ विधानसभा आहेत आणि त्या चार जिल्ह्यांत विखुरल्या आहेत. खंडवा जिल्ह्यातल्या मांधाता, खंडवा आणि पंधाना, बुऱ्हाणपूरमधल्या दोन, खरगोनमधल्या भीकनगाव आणि बडवाह, आणि थेट देवास जिल्ह्यातली बागली. खंडवा जिल्ह्यातलेच हरसूद मात्र बैतूल लोकसभेला जोडलेले. ओंकारेश्वराच्या घाटावर नर्मदा, बुऱ्हाणपूरच्या घाटावर तापी, मध्ये सातपुड्याच्या रांगा. एका टोकाला चालणारा नेता दुसऱ्या टोकाला नावानेही ठाऊक नसतो, असा हा पसारा.

या भूगोलाने पक्षांनाही दोन बाजूंना वाटून घेतले आहे. १९९६ पासून भाजपचा खंडव्याचा लोकसभा उमेदवार दरवेळी बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलाच राहिला: आधी शाहपूरचे नंदकुमारसिंह चौहान, २०२१ पासून ज्ञानेश्वर पाटील. २००९ पासूनचे काँग्रेसचे उमेदवार मात्र सगळे नर्मदेकडचे. अरुण यादव खरगोन जिल्ह्यातले, राजनारायणसिंह पुरनी मांधात्याचे, नरेंद्र पटेल बडवाहकडचे. भाजप तापीकाठचा, काँग्रेस नर्मदाकाठची, अशी ही विभागणी. ती कुठल्या जाहीरनाम्यात लिहिलेली नाही, तरी दर निवडणुकीत दिसते.

बुऱ्हाणपूरला दिल्लीचे वारे नवे नाहीत. १९७७ मध्ये इथलेच परमानंद गोविंदजीवाला जनता पक्षाकडून खासदार झाले. त्यांच्या निधनानंतर १९७९ च्या पोटनिवडणुकीत कुशाभाऊ ठाकरे निवडून आले. मध्य प्रदेशात संघटना बांधणाऱ्या आणि पुढे भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष झालेल्या कुशाभाऊंचा लोकसभेचा मार्ग याच मतदारसंघातून गेला. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, बुऱ्हाणपूरचे काँग्रेसनेते ठाकूर शिवकुमारसिंह यांनी ही जागा घेतली. शेरा भैया हे त्यांचे बंधू.

रेषा हलली, माणसे समोरासमोर आली

आजच्या भांडणाचे मूळ शोधायचे तर २००८ च्या मतदारसंघ फेररचनेपाशी जावे लागते. त्याआधी बुऱ्हाणपूरच्या परिसरात भाजपच्या दोन मोठ्या नेत्यांना आपापली स्वतंत्र जागा होती. नंदकुमारसिंह चौहान यांचे घर आणि बळ शाहपूरचे. शाहपूर नावाचा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता, तिथूनच ते आधी आमदार झाले आणि मग १९९६ मध्ये लोकसभेत गेले. अर्चना चिटणीस या विधानसभेचे माजी अध्यक्ष ब्रजमोहन मिश्र यांच्या कन्या. २००३ मध्ये त्या नेपानगरमधून आमदार झाल्या. एकाचा मुलूख शाहपूरचा, दुसरीचा नेपानगरचा. मध्ये बुऱ्हाणपूर शहर.

फेररचनेत शाहपूरची जागा संपली आणि तो पट्टा बुऱ्हाणपूर मतदारसंघात आला. नेपानगर आदिवासींसाठी राखीव झाले, म्हणून चिटणीस यांना बुऱ्हाणपुरात यावे लागले. दोन नेते ज्या दोन वेगळ्या भूमींवर उभे होते, त्या भूमी एका रेघेने एकत्र केल्या. चौहान खासदार, चिटणीस आमदार, अशी वाटणी काही वर्षे चालली. पण दोघांचे कार्यकर्ते, दोघांची गावे आणि दोघांचे समर्थक एकाच मतदार यादीत आले होते. बुऱ्हाणपूर भाजपमधल्या दोन गटांची चर्चा तेव्हापासून थांबलेली नाही.

काँग्रेसमध्येही त्याच फेररचनेने असाच एक नेता हलवला. माजी उपमुख्यमंत्री सुभाष यादव यांचे पुत्र अरुण यादव २००७ च्या पोटनिवडणुकीत खरगोनमधून लोकसभेत गेले होते. २००८ मध्ये खरगोन आदिवासींसाठी राखीव झाले आणि यादव खंडव्याला आले. २००९ मध्ये त्यांनी नंदकुमारसिंहांना ४९,०८१ मतांनी हरवले. २०१४ मध्ये नंदकुमारसिंहांनी २,५९,७१४ मतांनी परतफेड केली. याच काळात एक विलक्षण योग जुळून आला. २०१४ ते २०१८ या काळात मध्य प्रदेश भाजपचे अध्यक्ष नंदकुमारसिंह आणि मध्य प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष अरुण यादव, म्हणजे राज्यातल्या दोन्ही मोठ्या पक्षांची सूत्रे एकाच लोकसभा मतदारसंघात लढलेल्या दोघांच्या हाती होती. एप्रिल २०१८ मध्ये दोघांचीही अध्यक्षपदे गेली.

निवडणुकीचा अभ्यास करताना जात, पक्ष आणि पैसा यांचा हिशेब लोक लगेच मांडतात. नकाशावरची रेषा विसरतात. बुऱ्हाणपुरात ती रेषाच प्रतिस्पर्ध्यांना जन्म देणारी ठरली.

२०२१: तिघांत चौथा

२ मार्च २०२१ रोजी नंदकुमारसिंह चौहान यांचे कोरोनाने निधन झाले. खंडव्याची जागा रिकामी झाली आणि दोन्ही पक्षांत दावेदारांची रांग लागली. भाजपमध्ये अर्चना चिटणीस, नंदकुमारसिंहांचे पुत्र हर्षवर्धनसिंह, खरगोनचे माजी खासदार आणि इंदूरचे माजी महापौर कृष्णमुरारी मोघे, आणि बुऱ्हाणपूर जिल्हा पंचायतीच्या राजकारणातून वर आलेले ज्ञानेश्वर पाटील.

या चौघांना आठ विधानसभांवर ठेवून पाहिले तर पक्षापुढचा पेच कळतो. चिटणीस यांची ओळख सगळ्यांत घट्ट. पण ती आठपैकी दोन जागांत, बुऱ्हाणपूर आणि नेपानगर इथे. दोन्हीकडून त्या आमदार राहिल्या होत्या. आणि जिथे ओळख घट्ट तिथेच पक्षातला विरोधही घट्ट. हर्षवर्धनसिंहांकडे वडिलांनी सहा विजयांत विणलेले जाळे होते, आठही ठिकाणी पोचणारे. पण ते वडिलांचे होते, त्यांनी स्वतः एकही निवडणूक लढवलेली नव्हती. मोघे संघटनेतले जाणते, त्यांचा पाया मात्र खरगोन-इंदूरकडचा. पाटलांचे नाव यांच्यापैकी कुणाएवढे मोठे नव्हते. पण ते जिल्ह्यातले होते, इतर मागासवर्गातले होते आणि त्यांच्या नावाला कुणाचा टोकाचा विरोध नव्हता. पक्षाने पाटलांना निवडले.

काँग्रेसमध्ये अरुण यादव यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला कौटुंबिक कारण देऊन माघार घेतली. शेरा भैया पत्नीसाठी उमेदवारी मागत होते. पक्षाने मांधात्याचे माजी आमदार राजनारायणसिंह पुरनी यांना उभे केले. मतदानाला आठवडाही उरला नव्हता, तेव्हा बडवाहचे काँग्रेस आमदार सचिन बिर्ला भाजपमध्ये गेले. ३० ऑक्टोबरला मतदान झाले आणि २ नोव्हेंबरला पाटील ८२,१४० मतांनी निवडून आले.

आता लागोपाठच्या तीन लोकसभा लढती शेजारी शेजारी ठेवाव्यात. काँग्रेसला २०१९ मध्ये अरुण यादव उमेदवार असताना ५,६५,५६६ मते पडली. २०२१ मध्ये पुरनींना ५,५०,३१५. २०२४ मध्ये नरेंद्र पटेलांना ५,९२,७०८. तीन वेगळी माणसे, तीन वेगळ्या गावांची. एक माजी केंद्रीय राज्यमंत्री आणि प्रदेशाध्यक्ष, एक माजी आमदार, एक विधानसभेला नुकताच हरलेला. तरी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी मतांत फरक अवघा ४२,३९३ चा. आठ विधानसभांच्या विस्तारात हा फरक किरकोळच.

भाजपकडे पाहिले तर २०१९ मध्ये नंदकुमारसिंहांना ८,३८,९०९ मते, २०२१ मध्ये पाटलांना ६,३२,४५५ आणि २०२४ मध्ये त्याच पाटलांना ८,६२,६७९. माणूस तोच, तीन वर्षांत मते सव्वादोन लाखांहून जास्त वाढली. २०२१ मध्ये देशाचा पंतप्रधान ठरत नव्हता आणि मतदार कमी बाहेर पडला. २०२४ मध्ये ठरत होता. नंदकुमारसिंहांची सारी हयात या मतदारसंघात गेली, तरी २०१९ मधले त्यांचे २,७३,३४३ चे मताधिक्य आणि २०२४ मधले पाटलांचे २,६९,९७१ चे मताधिक्य यांत साडेतीन हजारांचेही अंतर नाही.

लोकसभेच्या तिकिटासाठी ज्या त्वेषाने भांडणे होतात, त्या मानाने त्या तिकिटाचा निकालावर पडणारा भार कमी आहे. भाजपला त्या चार दावेदारांपैकी कुणीही चालला असता, काँग्रेसला कुणी पुरला नसता. एवढ्या मोठ्या क्षेत्रात प्रत्येकाचा बालेकिल्ला बाकीच्या सहा-सात जागांत विरघळून जातो.

विधानसभेत माणूस मोजला जातो

विधानसभेचे चित्र याच्या उलट. २०१८ मध्ये काँग्रेसने बुऱ्हाणपुरात रवींद्र महाजन यांना तिकीट दिले. शेरा भैया अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी मंत्री असलेल्या अर्चना चिटणीस यांना ५,१२० मतांनी हरवले: ९८,५६१ विरुद्ध ९३,४४१. पक्षाच्या अधिकृत उमेदवाराला पंधरा हजारांच्या आसपास मते पडली. मतदाराने काँग्रेसचा उमेदवार स्वतःच निवडला आणि पक्षाला कळवला. त्या निवडणुकीत २३० जागांच्या विधानसभेत काँग्रेस ११४ वर थांबली होती. चार अपक्ष निवडून आले, चौघेही काँग्रेसचे बंडखोर. कमलनाथ सरकार उभे राहिले त्यात या चौघांचा टेकू होता.

पाच वर्षांनी पक्षाने चूक सुधारली असे मानून शेरा भैयांना हाताचा पंजा दिला. मते वाढायला हवी होती. ती ९८,५६१ वरून ६९,२२६ वर आली. अपक्ष म्हणून जमलेली मोट पक्षाच्या चिन्हावर फुटली. शहरात अल्पसंख्याक उमेदवाराची मागणी होती आणि शेरांच्या उमेदवारीवर काँग्रेसमधूनच उघड नाराजी निघाली होती. एमआयएमने ती हेरली. वर्षभर आधी, २०२२ च्या महापौर निवडणुकीत याची झलक दिसली होती: भाजपच्या माधुरी पटेल यांनी काँग्रेसच्या शहनाज अन्सारी यांना अवघ्या ५४२ मतांनी हरवले आणि एमआयएमच्या उमेदवाराला दहा हजारांवर मते पडली.

भाजपमध्ये २०२१ चा हिशेब आता उघड्यावर आला. लोकसभेला डावललेले हर्षवर्धनसिंह विधानसभेलाही डावलले गेले आणि अपक्ष उभे राहिले. शाहपूरच्या वारसाने बुऱ्हाणपूरच्या आमदारकीवर थेट हक्क सांगितला. पंधरा वर्षे आत धुमसणारी स्पर्धा मतदानयंत्रावर दोन बटणांच्या रूपात आली.

सुरुवातीचे चार आकडे आता पुन्हा मांडता येतात. भाजपच्या घरातली दोन्ही मते एकत्र केली तर चिटणीस अधिक चौहान १,३५,८३२. समोरची दोन्ही एकत्र केली तर शेरा अधिक नफीस खान १,०३,०७९. दोन्ही घरांत बंड झाले नसते आणि प्रत्येक मत आपल्या घरी राहिले असते, तर भाजपचे मताधिक्य ३२,७५३ झाले असते. प्रत्यक्षात ते ३१,१७१ होते. दोन्ही बाजूंची फूट एकमेकींना जवळजवळ पूर्णपणे कापून गेली.

एमआयएम रिंगणात नसती आणि ती सारी मते काँग्रेसकडे गेली असती, पण हर्षवर्धनसिंह मात्र उभे असते, तर? शेरा १,०३,०७९, चिटणीस १,००,३९७. भाजप अडीच हजारांहून जास्त मतांनी हरली असती. मते अशी गाठोडे बांधून एका दारातून दुसऱ्या दारात जात नाहीत. काही घरी बसतात, काही तिसरीकडे जातात. तरीही या गणिताने एक गोष्ट स्पष्ट होते. बंडखोराची ताकद तो स्वतः किती मते घेतो यापेक्षा समोरचे घर किती एकजूट आहे यावर ठरते. २०१८ मध्ये शेरा भैया जिंकले, कारण अधिकृत उमेदवाराकडे कुणी वळले नाही. २०२३ मध्ये हर्षवर्धनसिंहांनी पस्तीस हजार मते घेतली आणि पक्षाचे काही बिघडले नाही, कारण समोरही तेवढीच फूट होती. अनामत वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो. तोही त्यांना मिळाला नाही.

त्याच बाई, दुसरे चिन्ह

शेजारच्या नेपानगरने हाच प्रयोग वेगळ्या पद्धतीने केला. २०१३ मध्ये निवडून आलेले भाजपचे राजेंद्र दादू २०१६ मध्ये अपघातात गेले आणि पोटनिवडणुकीत त्यांची कन्या मंजू दादू आमदार झाल्या. २०१८ मध्ये काँग्रेसच्या सुमित्रा कास्डेकर यांनी त्यांना १,२६४ मतांनी हरवले. जुलै २०२० मध्ये कास्डेकर भाजपमध्ये गेल्या. जिला हरवले तिच्याच पक्षाच्या तिकिटावर त्या नोव्हेंबरमध्ये २६,३४० मतांनी जिंकल्या. २०२३ मध्ये भाजपने पुन्हा मंजू दादूंना उभे केले आणि त्या ४४,८०५ मतांनी निवडून आल्या.

भाजपचा आकडा पाहावा: २०१८ मध्ये दादू ८४,०५६, २०२० मध्ये कास्डेकर ९८,८८१, २०२३ मध्ये पुन्हा दादू १,१३,४००. एकाच पक्षाच्या दोन प्रतिस्पर्धी, आळीपाळीने. चढ मात्र सरळ रेषेत. इथे माणसापेक्षा पक्ष आणि हवा यांचे वजन जास्त भरले. बुऱ्हाणपूर शहरात चालणारा नियम शेजारच्याच राखीव जागेत चालला नाही. राखीव मतदारसंघात तिकीट मागणाऱ्यांमागे स्वतःचे कारखाने, संस्था आणि पैसा क्वचितच असतो, म्हणून बंड करून उभे राहण्याची ऐपत कमी आणि पक्षाच्या यंत्रणेवरचे अवलंबित्व जास्त.

पंधान्यात बंड झाले, पण त्याचा शेवट अदलाबदलीत झाला. २०१८ मध्ये तिथे छाया मोरे काँग्रेसच्या अधिकृत उमेदवार होत्या आणि रूपाली बारे बंडखोर अपक्ष. जागा भाजपने घेतली. २०२३ मध्ये मोरे भाजपच्या उमेदवार झाल्या, बारे काँग्रेसच्या, आणि मोरे जिंकल्या. मांधात्यात नारायण पटेल यांनी काँग्रेस सोडून भाजपकडून २०२० ची पोटनिवडणूक बावीस हजारांवर मतांनी जिंकली. तीन वर्षांनी त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर, पुरनींचे पुत्र उत्तमपालसिंह यांच्यासमोर, त्यांचे मताधिक्य ५८९ वर आले.

सीमेपलीकडे मुक्ताईनगरमध्ये २०१९ साली भाजपने एकनाथ खडसे यांना तिकीट नाकारून कन्या रोहिणी यांना दिले. शिवसेनेचे बंडखोर चंद्रकांत पाटील अपक्ष उभे राहिले, राष्ट्रवादीने त्यांना पाठिंबा दिला आणि ते १,९५७ मतांनी जिंकले. रावेर लोकसभेत मात्र रक्षा खडसे २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तिन्ही वेळा भाजपकडून निवडून आल्या. सासरे एकनाथ खडसे मधल्या काळात पक्ष सोडून गेले तरी निकाल ढळला नाही. विधानसभा माणसाची, लोकसभा चिन्हाची, हा बुऱ्हाणपूरचा अनुभव शेजारीही पडताळून पाहता येतो.

याला एक ठळक अपवाद महाराष्ट्रातच आहे. २०२४ मध्ये सांगलीची जागा आघाडीत शिवसेनेच्या ठाकरे गटाला गेली. वसंतदादांचे नातू विशाल पाटील काँग्रेसमधून बंड करून अपक्ष उभे राहिले आणि १,००,०५३ मतांनी खासदार झाले. सहा विधानसभांच्या पसाऱ्यात अपक्ष जिंकला, कारण त्यांच्याबरोबर एकटे घराणे चालले नव्हते. जिल्ह्यातली काँग्रेसची जवळजवळ सगळी संघटना मनाने आणि पायांनी त्यांच्यामागे होती. हर्षवर्धनसिंहांना वडिलांचे नाव मिळाले, संघटना चिन्हाजवळ राहिली. दोघांतला फरक तिथे आहे.

आधी विचारायची सोय

अमेरिकेत हा प्रश्न पक्षाच्या प्राथमिक फेरीतच मिटतो. २००८ मध्ये बराक ओबामांनी आयोवा आणि साउथ कॅरोलायना घेतले, हिलरी क्लिंटन यांनी ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया. एकाच पक्षाचे दोन उमेदवार कुठल्या प्रदेशात किती पाण्यात आहेत, हे खऱ्या निवडणुकीच्या कित्येक महिने आधी सगळ्यांना कळले. हरलेल्या बाजूला आपण मोजले गेलो याचे समाधान होते.

भारतात काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेला मोजक्या मतदारसंघांत असा प्रयोग केला. त्यात मध्य प्रदेशातले इंदूर आणि मंदसौर होते, महाराष्ट्रातले लातूर आणि वर्धा. सत्यनारायण पटेल, मीनाक्षी नटराजन, दत्तात्रय बनसोडे आणि सागर मेघे पक्षातली निवडणूक जिंकून उमेदवार झाले. मोदी लाटेत चौघेही हरले आणि प्रयोग गुंडाळला गेला. चौघांच्या पराभवाचा दोष त्या पद्धतीवर टाकणे अन्यायाचे होते. त्या वर्षी दिल्लीतून ठरलेले काँग्रेसचे बहुतेक उमेदवारही देशभर हरलेच.

आज दोन्ही पक्ष सर्वेक्षणांवर विसंबतात. ते कुणी केले, कुणाला विचारले, उत्तरे काय आली, हे कार्यकर्त्याला कधी कळत नाही. तिकीट हुकलेल्याला वाटते की भोपाळमध्ये कुणी तरी आपला काटा काढला. मग बंड होते. बुऱ्हाणपुरात बंडखोरी हीच पक्षांतर्गत निवडणूक झाली आहे. फक्त ती खऱ्या निवडणुकीच्या दिवशी होते आणि तिची किंमत मतदार मोजतो.

ती किंमत खरी आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये जंगलतोडीच्या वादातून नेपानगर पोलीस ठाण्यावर जमावाने हल्ला करून अटकेतल्या आरोपींना सोडवून नेले. वनहक्काचे दावे, बाहेरून होणारे अतिक्रमण, तोडलेले सागवान, यांवर त्या वर्षीच्या प्रचारात सविस्तर बोलणे व्हायला हवे होते. केळी उत्पादकाला सीमेपलीकडच्या रावेरसारखा हवामानाधारित पीकविमा हवा आहे. ती मागणी जुनी आहे. यंत्रमागवाल्याला सूत आणि विजेच्या दरांची चिंता. नेहरूंनी १९५६ मध्ये राष्ट्राला अर्पण केलेली नेपा मिल बंद पडून २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली, तिच्या पुढच्या वाटचालीचा प्रश्न उभाच आहे. २०२२ मध्येच बुऱ्हाणपूर हा घरोघरी नळाचे पाणी पोचल्याचे प्रमाणपत्र मिळवणारा देशातला पहिला जिल्हा ठरला; नळाला पाणी रोज येते का, हा पुढचा प्रश्न प्रचारात विचारायचा होता. पण प्रचाराचे दिवस बंड कोणाचे, मनधरणी कुणी केली, कुठल्या गटाने काम केले नाही, यातच गेले. मत मागायला आलेल्या प्रत्येकाला या जिल्ह्याचा भूगोल आणि दुखणे तोंडपाठ होते, फक्त ते बोलायला वेळ उरला नाही, ही बुऱ्हाणपूरकरांची सर्वांत मोठी हानी आहे.

आणि रेषा पुन्हा हलणार आहे. २०२७ च्या जनगणनेनंतर मतदारसंघांच्या फेररचनेचा विषय परत येईल. २००८ मध्ये शाहपूरची जागा मिटली, नेपानगर राखीव झाले, खरगोन राखीव झाले, आणि त्या तीन निर्णयांनी इथल्या दोन्ही पक्षांतली भांडणे ठरवली. फेररचना आयोग आपला आराखडा राजपत्रात छापतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. तिथे आजवर पक्षांचे वकील आणि नेते जास्त दिसले, गावकरी कमी. शाहपूरचा केळीवाला, शहरातला विणकर, खकनारचा कोरकू शेतकरी, यांनी या वेळी त्या सुनावणीत जावे आणि आपले गाव कुठल्या गावांबरोबर जोडले जावे हे स्वतः सांगावे. पक्षांनी तिकीट देण्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या सदस्यांचे मत उघडपणे घ्यावे आणि ते आकडे भागवार जाहीर करावेत. मध्य प्रदेशात पुढची विधानसभा निवडणूक २०२८ मध्ये आहे. ही तयारी करायला दोघांनाही पुरेसा वेळ आहे.